मुद्देमाल ओला आहे

कात्री कापडाला लागली तेव्हा हिशेबनीस तळघराच्या छतालगतच्या खिडकीबाहेर बघत होता. बाईंनी त्याला हाक मारून सांगितलं, की पंच म्हणून सही करायची तर इकडे बघायला हवं, खिडकीचा पंचनामा आपण पुन्हा कधीतरी करू. हिशेबनीसाने नाइलाजाने मान वळवली. दुसरा पंच म्हणजे शिपाई. तो मात्र टबाला नाक लावून उभा होता.

दोन कड्यांचा, बाळाला सहज आंघोळ घालता येईल एवढा प्लास्टिकचा टब. त्यावर झाकण, झाकणावर ताणलेलं जाड कापड, कापडाभोवती सुतळी आणि सुतळीच्या गाठीवर कोर्टाची लाल लाख. लाखेला बाईंनी बोटही लावलं नाही. त्यांनी कापड तीन बाजूंनी सुतळीच्या वर, एका रेषेत कापलं. चौथी बाजू, जिच्यावर लाख होती, ती तशीच ठेवली. मग पेटी उघडावी तसं झाकण कापडासकट वर केलं.

नासक्या अंड्याचा वास खोलीभर पसरला. हिशेबनीस पुन्हा खिडकीकडे वळला आणि या वेळी बाईंनी त्याला माफ केलं.

“वेळ लिहा,” त्या शिपायाला म्हणाल्या. “अकरा वाजून वीस मिनिटं. पाण्यावर काळी साय. पाणी गढूळ. वस्तू शाबूत.”

शेवटचा शब्द उच्चारण्याआधी त्यांनी बाही दुमडून कोपरापर्यंत हात पाण्यात घातला होता आणि फळीच्या चारही कडा चाचपून पाहिल्या होत्या. एका कोपऱ्यात लाकूड साबणासारखं मऊ लागलं. आणखी पंधरा दिवस गेले असते तर तो कोपरा हातात आला असता.

बाई वस्तुसंग्रहालयाच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. तेवीस वर्षं झाली होती. समुद्रातून निघालेल्या वस्तू इथे गोड्या पाण्यात ठेवायच्या, ठरावीक दिवसांनी पाणी बदलायचं, बदललेल्या पाण्यात किती मीठ उतरलं ते मोजायचं आणि लिहून ठेवायचं, हे त्यांचं काम. नव्या लोकांना वाटे, की बाई तळघरात मासे पाळतात. सगळी इमारत त्यांना पाणीवाल्या बाई म्हणायची, आणि त्यांना ते आवडायचं. कारण साहेबांच्या दारावर जे लिहिलं होतं त्यातून साहेब काय करतात ते कळत नसे. यांच्या नावातून कळत होतं.

फळी आली होती पोलिसांच्या गाडीतून, ओल्या पोत्यात गुंडाळून. शंभर वर्षांहून जास्त काळ समुद्राखाली असलेल्या जहाजाला आणि त्यातल्या कुठल्याही वस्तूला परवान्याशिवाय हात लावायचा नाही, असा कायदा होऊन अकरा वर्षं झाली होती. सोनं असो की खिळा. बोट कुणाची, खोली किती, याला महत्त्व नाही. जाळ्यात आपोआप काही आलं तर तीस दिवसांत कळवायचं. तरीही खजिन्याच्या नादाने माणसं जातच होती. या वेळी सापडला होता एक पाणबुड्या. बंदरात उभ्या जहाजांच्या तळाला चिकटलेले शिंपले खरवडायचं त्याचं काम. सुट्टीच्या दिवशी कुण्या बोटमालकाने त्याला बुडालेल्या जहाजावर उतरवलं. सोनं मिळालंच नाही. बोटमालक पळाला. पाणबुड्याच्या घरी पाण्याने भरलेल्या पिंपात ही एक फळी मिळाली.

पिंपात मिळाली हे ऐकूनच बाईंचं त्याच्याविषयीचं मत थोडं सुधारलं होतं. दोन-अडीचशे वर्षं समुद्रात राहिलेल्या लाकडात लाकूड थोडंच उरतं. आतल्या पोकळ्यांमध्ये पाणी भरलेलं असतं आणि त्या पाण्यानेच ते उभं राहतं. वाळलं की आतल्या भिंती कोसळतात, फळी आक्रसते, पिळवटते, आणि मग कितीही भिजवली तरी पूर्ववत होत नाही. खजिना शोधणारे बहुतेक लोक हौसेने वस्तू उन्हात ठेवतात, तारेच्या ब्रशने घासतात आणि महिन्याभरात भुगा करून टाकतात. या माणसाने तसं केलं नव्हतं.

पहिल्या तीन आठवड्यांत बाईंनी तीनदा पाणी बदललं. नमुन्यात चांदीच्या क्षाराचे थेंब टाकले की पाणी दुधाळ व्हायचं. लिटरमागे मीठ पहिल्यांदा अठराशे चाळीस मिलिग्रॅम, मग अकराशे वीस, मग सातशे साठ. आकडे कसे शहाण्या मुलांसारखे रांगेत उतरत होते. आणि चौथ्या आठवड्यात कोर्टाचा मुद्देमाल कारकून आला. त्याने टब बांधला, लाख वितळवली, शिक्का मारला आणि हुकूम वाचून दाखवला. खटल्याचा निकाल लागेपर्यंत मुद्देमाल आहे त्या स्थितीत ठेवावा. सील कुणीही काढू नये.

बाईंनी त्याला समजावून सांगितलं, की हा मुद्देमाल ओला आहे. पाणी बदललं नाही तर तो आहे त्या स्थितीत राहणार नाही. कारकून म्हणाला, की त्याच्या कोठडीत तलवारी आहेत, दारूच्या बाटल्या आहेत, एक अख्खी मोटरसायकल आहे, कुणालाच आजवर पाणी लागलेलं नाही.

त्यानंतर बाईंनी कोर्टाला तीन अर्ज पाठवले. उत्तर आलं नाही. साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, की ते परवानगी देऊ शकत नाहीत. मग मनाई करता का, असं विचारल्यावर म्हणाले, की तेही करू शकत नाहीत. साहेब आयुष्यभर याच दोन वाक्यांच्या मधल्या जागेत राहत आले होते आणि तिथेच निवृत्त होणार होते.

घरी सासूबाई होत्या. तीस वर्षं इस्पितळात आया म्हणून काम केलेल्या. घरातल्या कुंड्या सुकल्या आणि सूनबाई सरकारी लाकडाला पाणी घालते, हे त्यांचं नेहमीचं गाऱ्हाणं. पण तिसऱ्या अर्जालाही उत्तर आलं नाही म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढला.

“आमच्या वॉर्डात एकदा औषधाच्या कपाटाला सील लावून गेले होते. चौकशी होती कसली तरी. आणि आत रोजची इंजेक्शनं.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“मागची फळी उचकटली. खिळे जपून ठेवले. रोज काढायची, रोज ठोकायची. डॉक्टर आणि नर्स, दोघांना समोर उभं करून.” त्यांनी चष्मा परत लावला. “फोडलंस तर तुला चोर म्हणतील. उसवलेलं शिवता येतं.”

म्हणून त्या दिवशी, सील लागल्यापासूनच्या सत्तेचाळिसाव्या दिवशी, पाणी बदलून झाल्यावर बाईंनी पर्समधून सुई-दोरा काढला आणि कापड पुन्हा शिवून टाकलं. बारीक, एकसारखे टाके. दोऱ्याच्या शेवटच्या गाठीवर प्रयोगशाळेची लाख लावली. उघडताना आणि मिटताना फोटो, ओल्या फळीचं वजन, मिठाचा आकडा, दोन पंचांच्या सह्या. एक प्रत साहेबांना, एक कोर्टाला. लपवण्यासारखं काही नाही, असं त्यांना वाटत होतं, आणि त्यांना वाटत होतं ते खरंच होतं.

दर पंधरा दिवसांनी टाके उसवायचे आणि घालायचे, असं जवळजवळ वीस महिने चाललं. इमारतीत पंच मिळेनासे झाले. बाई जिन्यावर दिसल्या की हिशेबनीस कुठल्यातरी फायलीत तोंड घालायचा. तिकीटखिडकीवरची मुलगी एकदा कपाटामागे सापडली. पण बाई कुणाला तरी घेऊनच जात. सह्या करणाऱ्या प्रत्येकाला त्या आधी फळी दाखवायच्या. न बघता सही केली तर ती साक्ष नव्हे, असं त्यांचं म्हणणं होतं.

कोर्टाचा कारकून तिसऱ्या वेळीच धावत आला होता. शिवलेलं कापड बघून त्याला काय लिहावं ते कळेना. सील तर समोर शाबूत होतं. शेवटी त्याने लिहिलं, की मुद्देमालात हस्तक्षेप झाला आहे. त्यावरून बाईंना कारणे दाखवा नोटीस आली, त्यांनी चार पानी उत्तर दिलं, आणि तांत्रिक सहायक म्हणून होणारी त्यांची बढती थांबली. खटल्यानंतर बघू, असं कळवण्यात आलं. साहेबांनी त्यांना खोलीत बोलावून दार लावून घेतलं.

“बाई, तो माणूस सुटला तर तुमच्यामुळे सुटला म्हणतील. नोकरीवर येईल. सहा वर्षं राहिलीत तुमची.”

“आणि फळी गेली तर कुणामुळे गेली म्हणतील, साहेब?”

“कुणीच काही म्हणणार नाही,” साहेब अगदी प्रामाणिकपणे म्हणाले.

बाईंना ते उत्तर पुरलं. त्या परत तळघरात गेल्या.

साक्षीच्या दिवशी टब कोर्टात न्यावा लागला. संग्रहालयाच्या गाडीच्या चालकाने आणि शिपायाने तो दुसऱ्या मजल्यावर चढवला. लिफ्ट बंद होती. बाईंनी इस्त्रीची साडी नेसली होती आणि पर्समध्ये कात्री, सुई-दोरा, स्वच्छ पंचे. दारावरच्या पोलिसाने कात्री काढून घेतली. मग न्यायाधीशांनी लेखी हुकूम दिल्यावर परत दिली.

आरोपीच्या पिंजऱ्यात पाणबुड्या उभा होता. रुंद खांदे, आखूड मान, आणि पाण्यात आयुष्य काढलेल्या माणसांचे असतात तसे लालसर डोळे. भिंतीजवळच्या बाकावर त्याची बायको, मांडीवर डब्याची पिशवी. त्याच्या वकिलाने बचाव चांगला रचला होता. ही फळी समुद्रातून काढलेली नाही. सासऱ्यांच्या घरी तीस वर्षं पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून होती. म्हणजे कायद्याच्या आधीची, आणि म्हणूनच ओली. बाईंच्या सुरुवातीच्या तीन आकड्यांनी ही गोष्ट अवघड केली होती, कारण घरगुती पिंपावरच्या झाकणातून एवढं मीठ निघत नाही. तेव्हा वकिलाने आकडे सोडून दिले आणि टाके धरले.

सील असताना टब उघडलात का? हो. किती वेळा? एक्केचाळीस. कुणाच्या परवानगीने? कुणाच्याच नाही. वकील बाकाकडे वळून किंचित हसला. मग ही तीच फळी आहे हे कशावरून? एक्केचाळीस वेळांपैकी एकदा जरी बदलली गेली असेल तर? फोटो तुमचेच, पंचही तुमच्याच इमारतीतले. पोलिसांच्या फोटोत तर नुसता चिखलाचा गोळा दिसतो आहे.

सरकारी वकील कागद चाळू लागला. बाईंना दिसलं, की इथून पुढे फार तर दहा मिनिटांचा खेळ आहे. मुद्देमालच संशयास्पद ठरला की खटला गेला, आणि त्यापाठोपाठ आपणही. त्यांना आश्चर्य एवढंच वाटलं, की भीती वाटत नव्हती. एक्केचाळीस वेळा केलेलं काम पुन्हा करायची वेळ आली असती तर त्यांनी बेचाळिसाव्यांदाही तसंच केलं असतं.

“उघडून दाखवू का?” त्यांनी विचारलं.

न्यायाधीशांनी मान हलवली. बाईंनी टाके उसवले, झाकण उघडलं, पंचा पाण्यात बुडवून फळीखाली सरकवला आणि दोन्ही हातांवर ती वर उचलली. पाणी निथळलं. हातभर उंच, वीतभर रुंद, मधाच्या रंगाची फळी. तिच्यावर एक वर्तुळ कोरलेलं, मध्यापासून निघालेल्या बत्तीस रेषा, आणि प्रत्येक रेषेवर आठ बारीक भोकं. धार अजून इतकी स्वच्छ होती, की जणू सुताराने काल दुपारी काम संपवलं असावं.

पिंजऱ्यातला माणूस कठड्यावर पुढे झुकला.

हे आहे तरी काय, असं न्यायाधीशांनी विचारलं. प्रश्न खटल्याच्या कामाचा नव्हता, त्यांना फक्त जाणून घ्यायचं होतं. बाईंनी सांगितलं. जुन्या जहाजांवर सुकाणू धरणाऱ्याला बहुधा लिहिता येत नसे. त्याची पाळी चार तासांची. दर अर्ध्या तासाला जहाज ज्या दिशेने गेलं त्या दिशेच्या रेषेवर तो एक खुंटी खोचायचा. पहिल्या अर्ध्या तासाची आतल्या भोकात, पुढची त्याच्या बाहेरच्या. पाळी संपली की अधिकारी खुंट्या बघून वहीत उतरवून घ्यायचा आणि फळी मोकळी करायचा. म्हणजे जहाज पाळीच्या मध्येच बुडालं असेल, तर शेवटचे तास फळीवर तसेच राहिले असणार.

“मग त्या खुंट्या कुठे आहेत?”

“आमच्याकडे आली तेव्हा नव्हत्या. वर आणताना पडल्या असतील.” बाईंनी फळी हळूच पाण्यात परत ठेवली, कारण ती दोन मिनिटं हवेत होती आणि दोन मिनिटं पुष्कळ झाली. “कायदा कशासाठी आहे असं लोक विचारतात, साहेब. वस्तू तर इथे आहे. पण ती खाली कशी पडली होती, ते गेलं. आता ते जहाज कुठे निघालं होतं हे कुणालाच कळणार नाही.”

“पडल्या नाहीत,” पाणबुड्या म्हणाला.

वकील गर्रकन वळला. त्याने हात वर केला, पण पाणबुड्या त्याच्याकडे बघत नव्हता. तो टबाकडे बघत होता.

“मी काढल्या. पिशवीच्या जाळीत अडकत होत्या म्हणून. मला वाटलं, सोंगट्यांचा पट आहे कसला तरी.” त्याने घसा साफ केला. “सहा होत्या.”

न्यायाधीशांनी त्याला थांबवलं. आपण काय बोलतो आहोत हे कळतंय का, वकिलांशी बोलायचं आहे का, असं दोनदा विचारलं. त्याची बायको बाकावरून उठली होती. वकिलाने त्याच्या दंडाला धरून कानात काहीतरी सांगितलं. बहुधा एवढंच, की दहा मिनिटं गप्प बैस, तू सुटलास.

“कळतंय,” पाणबुड्या म्हणाला. “पण त्या बाई म्हणतात कुणाला कळणार नाही. मला माहितेय ना.”

मग त्याने सांगितलं. फळीचं टोक वर धरलं तर उजवीकडची वरून पाचवी रेष. तिच्यावर आतून चार खुंट्या, ओळीने. पाचवी तिच्या शेजारच्या रेषेवर. आणि सहावी थेट समोर, उलट बाजूला. सांगताना त्याचं बोट हवेत एकेक भोक दाखवत होतं. वीस वर्षं त्याने गढूळ पाण्यात जहाजांचे तळ हाताने चाचपून साफ केले होते. बोटांना जे एकदा कळलं ते विसरायची त्याला सवय नव्हती.

बाईंनी टिपणवहीच्या मागच्या पानावर वर्तुळ काढलं आणि सहा ठिपके दिले. दोन तास एकाच दिशेने. मग अर्धा तास जरा वळून. आणि शेवटचा अर्धा तास आल्या वाटेने मागे.

“परत फिरले होते ते,” त्या म्हणाल्या. कुणी विचारलं नव्हतं, पण खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं. कारकुनानेही लिहायचं थांबवून मान वर केली.

“हो का?” पाणबुड्याने विचारलं. त्याला खरोखरच ते नवीन होतं.

पुढचं सगळं भराभर झालं. वकिलाने फाईल मिटली. जेवणाच्या सुट्टीनंतर गुन्हा कबूल केल्याचं नोंदवलं गेलं. खुंट्या कुठे आहेत, तर त्याच पाण्यात टाकून दिल्या होत्या. आठ महिन्यांची कैद, आणि पाण्याखाली काम करायचा परवाना कायमचा रद्द. कैद ऐकताना तो सरळ उभा होता. परवान्याचं वाक्य आलं तेव्हा त्याने खाली आपल्या हातांकडे पाहिलं. टब विनासील प्रयोगशाळेच्या ताब्यात द्यावा, असा हुकूम झाला. मदतनीस बाईंनी कोर्टाच्या हुकमाबाहेर जाऊन वर्तन केलं, याची नोंद त्यांच्या सेवापुस्तकात व्हावी, असंही त्याच हुकमात शेवटी होतं. बढती गेली हे बाईंना कळलं. त्यांनी कापडाची घडी केली, सुई दोऱ्याच्या रिळात खोचली.

पोलिसांनी पाणबुड्याला मागच्या दाराने नेलं. खोली रिकामी झाली. शिपाई दुपारीच साहेबांच्या कामाला निघून गेला होता, आणि चालक खाली रस्त्यावर गाडी सोडून वर यायला तयार नव्हता. बाईंनी एकटीने टब उचलून पाहिला. टेबलावरून बाकापर्यंत आला. बाकापासून दारापर्यंत त्यांनी तो ओढत नेला, आणि जिन्याच्या तोंडाशी येऊन थांबल्या.

पाणबुड्याची बायको तिथेच उभी होती. डब्याची पिशवी अजून तिच्या हातात होती. डबा द्यायचा राहून गेला होता.

“तुमचं लाकूड वाचलं,” ती म्हणाली.

“हो.”

“दोन शब्द कमी बोलला असता तर घरी आला असता.”

बाईंकडे सांगण्यासारखं जे होतं ते तिच्या कामाचं नव्हतं, आणि तिच्या कामाचं त्यांच्याकडे काही नव्हतं.

“दोन वर्षं रोज सकाळी पिंपावर वाकून बघायचा,” बायको म्हणाली. “पोलीस लाकूड घेऊन गेले तरी. रिकाम्या पिंपात बघायचा.” तिने पिशवी खांद्याला अडकवली आणि पुढे येऊन टबाची एक कडी धरली. “उचला. असं ओढत नेलं तर पाणी सांडेल.”

बाईंनी दुसरी कडी धरली. बायको पुढे, उलटी उतरत. बाई मागे, पाय चाचपत. दोन पायऱ्या उतरल्या की पाणी एका कडेला चढायचं, तेव्हा दोघी थांबायच्या. पाणी सपाट होईपर्यंत दोघीही त्याच्याकडेच बघत राहायच्या, आणि मग बायको मानेनेच खूण करायची. पुढची पायरी.